रानात अडकलेली ओवी

सरांच्या घरात शिरायचं तर आधी उंबऱ्याबाहेर उभं राहून खाकरून घ्यावं लागे. पाहुणा कितीही मोठा असो, सर दार अर्धंच उघडत आणि म्हणत, "खोकायचं, शिंकायचं, बोलायचं काय असेल ते इथंच उरकून घ्या. आत रेकॉर्डिंग चालू आहे." बहुतेक वेळा आत काहीच चालू नसे, पण लोकांची सवय मोडू नये म्हणून नियम बाराही महिने लागू होता. एकदा खुद्द सरपंचांना त्यांनी अंगणात खाकरायला लावलं. सरपंच बिचारे दोनदा खाकरले, चपला हातात घेतल्या आणि मांजराच्या पावलांनी आत गेले.

काकूंच्या बांगड्यांचा प्रश्न मात्र अवघड होता. रेकॉर्डिंगपुरत्या काढून ठेवशील का, असं सरांनी बायकोला एकदाच विचारलं. काकूंचं उत्तर वरवंडच्या अर्ध्या पेठेने ऐकलं असेल. "तुमी हयात असताना मी हात मोकळं करू व्हय? चुलीत गेलं तुमचं मशीन!" शेवटी तह झाला तो असा, की सरांनी तळहात वर केला की काकूंनी जुन्या धोतराच्या पट्ट्या मनगटांना गुंडाळायच्या. दोन्ही हात भाजल्यासारखे बांधून त्या चहा घेऊन येत. नवीन माणूस कळवळून विचारी, "काय झालं हो काकू?" काकू नुसत्या सरांकडे बघत.

मी त्या घराच्या माडीवर भाड्याने राहत होते. बँकेत नोकरी लागली आणि पहिलीच नेमणूक वरवंडला झाली. दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. सर शिरूरकडच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते आणि गावी येऊन राहिले होते. घराण्याची भाजीपाल्याची शेती होती, ती भावाच्या हवाली. "सगळी नोकरी ध्वनीचा धडा शिकवण्यात गेली," ते म्हणायचे, "आणि ऐकायला मात्र पेन्शन सुरू झाल्यावर लागलो." पुण्यात इंजिनिअर असलेल्या मुलाने नातवंडांचे फोटो बघायला म्हणून कॉम्प्युटर आणून दिला होता. सरांनी पुण्यालाच जाऊन एक माईक आणला, धान्याची खोली रिकामी केली आणि तिच्या भिंतींना काकूंच्या झाडून सगळ्या गोधड्या ठोकल्या. त्यामुळे आवाज घुमत नाही, असं त्यांचं म्हणणं. थंडीत काकू कुरकुरत, की या घरात भिंती पांघरून झोपतात आणि माणसं कुडकुडतात.

त्या खोलीत सर आवाज साठवत. कुठे लोहाराचा भाता, कुठे दळणाचं जुनं जातं, कुठे बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळ. बँकेतून दमून आले की मला खाली बोलावून कानाला हेडफोन लावत आणि तोंडी परीक्षा घेत. "ओळखा." मी सांगे, पाऊस. "हुलगे आहेत. सुपात पाखडतायत." मी सांगे, रिक्षा. "तुमच्या काकू घोरतायत. त्यांना सांगू नका." मी कायम नापास. मला राग येई, पण पुढच्या वेळी हाक आली की जाई.

त्या काळातले कॉम्प्युटर हँग होत. चालता चालता स्क्रीन थिजायची, बाण हलायचा नाही. आमच्या बँकेत असं झालं की मी सरळ बटण दाबून बंद करायची, तोंडाने दोन शब्द पुटपुटायची आणि परत चालू करायची. सरांकडे असं काही केलेलं चालत नसे. स्क्रीन थिजली की ते खुर्ची जरा मागे घेत, हाताची घडी घालत आणि समोर बघत बसत. मी एकदा बटणाकडे हात नेला तर म्हणाले, "थांबा. त्याचं बोलून होऊ द्या." मग मला कळलं ते काकूंकडून. सरांच्या वर्गात पूर्वी एक मुलगा तोतरा होता. उत्तर देताना पहिल्याच अक्षराला अडकायचा आणि पोरं हसायची. सरांनी एके दिवशी सगळ्या वर्गाला हाताची घडी घालून बसवलं आणि तो बोलेपर्यंत थांबायला लावलं. तास संपला, पुढचे मास्तर दारात येऊन उभे राहिले, तरी सर हलले नाहीत. मुलगा बोलला तेव्हाच उठले. यंत्रालाही ते त्याच हिशेबात धरत होते. मला हे हास्यास्पद वाटायचं, आणि तरी त्यांच्या शेजारी बसलं की आपोआप माझ्याही हाताची घडी पडायची.

दुसरी त्यांची खोड म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कोणती लागू पडली हे कळणार कसं, असा त्यांचा सवाल असे. विहिरीवरची मोटर एकदा बंद पडली. वायरमन म्हणाला, फ्यूज, कपॅसिटर, स्टार्टर सगळं बदलून टाकतो, तासाभराचं काम. सरांनी त्याला घरी पाठवलं. रोज एक वस्तू बदलायची, दिवसभर बघायचं, दुसऱ्या दिवशी पुढची. कारण सापडलं तोवर काकूंनी हौसेने लावलेली वांगी उभी वाळून गेली होती. सर मात्र खुशीत आले. "सापडलं कारण!" काकू म्हणाल्या, "आता कारणाची भाजी करा आन् खावा."

आबा आमच्याकडे आले ते अशा या माणसाकडे.

खुटबावच्या बाजूला धनगरांची एक वस्ती आहे. आबा तिथले. तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत पायी फिरलेले, पुढे कालव्याचं पाणी आलं तेव्हा शेतीला लागलेले. उंच, काटक, खांद्यावर कायम काळी घोंगडी. बिरोबाच्या जन्माची ओवी त्यांच्या घराण्यात चालत आलेली. सगळी गायची तर तासाच्या वर वेळ लागे, आणि ती सगळी येणारा त्या भागात आबांशिवाय कुणी उरला नव्हता. त्यांचा थोरला मुलगा कोरेगाव भीमाला कंपनीत होता. तो रविवारी सुट्टीला आला की वडिलांच्या मागे झील धरायचा. म्हणजे आबांनी ओळ म्हणायची आणि तिचे शेवटचे शब्द थोरल्याने उचलून परत म्हणायचे. लहानपणापासून त्याने तेवढंच केलं होतं. पुढे होऊन गायला तो कधी शिकला नाही.

आबांच्या घशात गाठ निघाली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी दिवाळीनंतर ऑपरेशन सांगितलं होतं. गाठ निघेल, जीव वाचेल, पण आवाजाची पेटीच काढावी लागेल. थोरल्याने हे अंगणात उभं राहून, आबांना ऐकू जाणार नाही अशा बेताने सांगितलं. आबांना सगळं ठाऊकच होतं. ते आतून म्हणाले, "हळू कशाला बोलतूस? सर, माजा आवाज जानार हाय. त्याच्या आदी ती ओवी तुमच्या त्या डब्यात घाला. देवळात जवा जागर हुईल तवा कुनीतरी लावंल तरी."

 सरांनी काकूंकडे बघून तळहात वर केला, आणि काकू मुकाट्याने पट्ट्या शोधायला गेल्या.

गणपती उठल्यावर पहिल्या रविवारी रेकॉर्डिंग ठरलं. सरांनी घड्याळाचे काटे थांबवले, कोंबड्या भावाच्या खळ्यात पोचवल्या, पिठाच्या गिरणीवाल्याला निरोप धाडला. सगळं शांत झालं तेव्हा एकच आवाज उरला. सीपीयूच्या डब्यातला पंखा घुं घुं करत होता. सर कपाळाला आठ्या घालून त्याच्याकडे बघत बसले. आबा उठले, खांद्यावरची घोंगडी काढली आणि त्या डब्यावर चारी बाजूंनी नीट पांघरली. "मेंढरू कन्हत असलं की असंच करायचं," ते म्हणाले. घुं घुं जवळजवळ थांबलं. सरांचा चेहरा उजळला. अशी शांतता त्यांना त्या खोलीत कधी मिळाली नव्हती.

आबांनी एक हात कानावर ठेवला आणि सुंबरान मांडलं, म्हणजे देवाचं नाव घेऊन ओवीला सुरुवात केली.

मी बऱ्याच गायकांना ऐकलं आहे, पण माणूस गाताना खोली लहान होत जाते आणि माळ मोठा होत जातो, हे तिथे पहिल्यांदा अनुभवलं. काकू दाराशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओवीत आईवर आळ येतो, तिला घर सोडावं लागतं, ती रानात बाळंत होते. मग झाडाला पाळणा बांधून, बाळाला आत निजवून ती पाण्याच्या शोधात जाते. इथपर्यंत आबा आले आणि स्क्रीन थिजली.

सरांनी हाताची घडी घातली. आबा डोळे मिटून गातच होते. सरांनी शेवटी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आबा, अडकलंय ते."

"कुठवर आलं?"

"पाळणा झाडाला बांधला."

"मंग पुन्यांदा पयल्यापास्नं," आबा म्हणाले. "आमच्यात मांडल्यावर मदी मोडत न्हाईत. मोडली तर समदी पयल्यापास्नं गायाची. आज्यापास्नं असंच हाय." पण त्या दिवशी घशाने साथ दिली नाही. थोरल्याने त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून नेलं.

काकू पट्ट्या सोडता सोडता म्हणाल्या, "आन् त्या लेकराला तसंच रानात ठिवलं व्हय?"

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. थोडं पुढे किंवा थोडं मागे, पण बाळ पाळण्यात आणि आजूबाजूला कुणी नाही, अशाच ठिकाणी यंत्र अडकायचं. तेवढाच भाग डब्यात राहायचा. सर एकेक गोष्ट तपासू लागले. शेतीच्या मोटरींना लाइट आली की व्होल्टेज बसतं, म्हणून स्टॅबिलायझर आणला. एक रविवार त्यात गेला. मग डबा उघडून मेमरीची पट्टी काढली आणि शाळेतल्या खोडरबराने तिचे पिवळे दात घासले. दुसरा रविवार. मग नातवंडांचे खेळ काढून टाकले. तिसरा. प्रत्येक वेळी आबा येत, घोंगडी डब्यावर पांघरत आणि पहिल्यापासून गात. प्रत्येक वेळी आवाज थोडा अधिक खरखरीत झालेला असे.

विचित्र असं, की मधल्या दिवसांत यंत्र सुतासारखं सरळ चाले. सर रेडिओची वायर जोडून दुपारभर रेकॉर्डिंग लावून ठेवत. बाजारभाव, शेतीचे कार्यक्रम, भजनं, एकदाही अडकलं नाही. आबा गायला बसले की मात्र अडके. वस्तीवर बोलणं सुरू झालं, की देवाला हे मान्य नाही. थोरला कंपनीतला माणूस, तोही चाचरत म्हणाला, "सर, आमच्याकडं मशीन ट्रिप झालं की मेन्टेनन्सवाला येतो, रिसेट मारतो, विषय संपला. हे तसलं न्हाई वाटत." सर विज्ञानाचे मास्तर. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पण एका सकाळी मी पाहिलं तर कॉम्प्युटरवर हळदकुंकू होतं. ते काकूंनी वाहिलं होतं आणि सरांनी पुसलं नव्हतं.

माझा स्वभाव तापट आहे आणि मला ते बघवेना. मी म्हणाले, "आबा, सुरुवात डब्यात कितीदा आली. आता पाळण्याच्या पुढचं गा ना. तेवढंच राहिलंय." खोलीत दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी काही अभद्र बोलले असावे. आबा शांतपणे म्हणाले, "मॅडम, मी मदनंच गाया लागलो तर ते लेकरू रानात आनलं कुनी? आईबिगर आलं व्हय?" मी सरांकडे वळले. सर म्हणाले, "जोड दिलेला आवाज खोटा असतो. माझ्या खोलीत जोड नाही." दोन हट्टी म्हातारे, एक देवासाठी आणि एक आवाजासाठी, एकाच जागी पाय रोवून उभे. सुरुवात पुन्हा पुन्हा साठत राहिली, आणि शेवट एकदाही खोलीत आला नाही.

दिवाळी जवळ आली. एका रविवारी आबांना गाताना ठसका लागला तो थांबेना. रुमालावर रक्त दिसलं. थोरल्याने घाईघाईने त्यांना उचललंच आणि नेलं. त्या गडबडीत घोंगडी डब्यावर तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बँकेतून आले तर सर अंगणात उभे. खाकरायला लावायचंही विसरले. माझा हात धरून ओरडले, "हँग झाला! मॅडम, रेडिओवर हँग झाला!" या माणसाला मी इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. मला ओढत ते खोलीत घेऊन गेले. स्क्रीन थिजलेली होती. "आज नवीन काय? एकच गोष्ट बदलली असणार. एकच..." असं म्हणत त्यांची नजर फिरली आणि घोंगडीवर थांबली. त्यांनी ती उचलली. आतून भट्टीसारखी झळ आली. डब्याच्या पत्र्याला बोट लावलं तर चटका बसला.

त्यांनी डबा उघडला. आतल्या पंख्याच्या पात्यांना काळी लोकर गुंडाळली होती, जाळीत लोकर, कोपऱ्यात लोकर. चिमट्याने एकेक धागा काढून ते वर्तमानपत्रावर ठेवत गेले. काकू दारात आल्या आणि सवयीने म्हणाल्या, "सापडलं का कारन?" मग त्यांना सरांचा चेहरा दिसला आणि त्या तशाच मागे फिरल्या. मेंढराला पांघरावं तशी ती घोंगडी त्या डब्यावर पांघरली जात होती, आणि आत यंत्र गुदमरत होतं. आबांबरोबर ती येत होती आणि आबांबरोबरच जात होती. शांतता हवी होती सरांना. त्यांना ती मिळाली होती, म्हणूनच त्यांनी त्या एका गोष्टीवर कधी संशय घेतला नाही.

सर कधी खोटं बोलत नसत. काकूंचा स्वयंपाक बिघडला तर तेही तोंडावर सांगत. त्या रात्री त्यांनी घोंगडी अंगणात झटकली, घडी केली, आणि सकाळी पहिल्या एसटीने स्वतः खुटबावला नेऊन दिली. मी सुट्टी टाकून बरोबर गेले होते. आबांनी विचारलं, "सापडला का रोग मशीनचा?" सर म्हणाले, "पंखा जुना झाला होता आबा. बदलला." येताना ते गाडीत खिडकीबाहेर बघत बसले होते. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली, आणि ते सांगायची सोय नव्हती.

ऑपरेशनच्या आधीचा शेवटचा रविवार. डबा उघडाच ठेवला होता, पंखा घुं घुं करत होता. सरांनी ते चालवून घेतलं. सगळी तयारी झाली. आबांनी कानावर हात ठेवला आणि सुंबरान मांडलं. पण ओवीतली आई घरातून निघायच्या आधीच आवाज फाटला. त्यांनी गरम पाणी घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून मांडलं. तोंड उघडत होतं, मानेच्या शिरा ताणल्या जात होत्या, आणि नुसती हवा येत होती. स्क्रीनवरची आवाजाची रेघ सरळ धावत होती. सरांनी हाताची घडी घातली आणि थांबले. आम्ही सगळेच थांबलो. ऊन भिंतीवरून खाली आलं तरी सर थांबले होते. शेवटी आबांनीच मान हलवली.

ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. त्याच सुमाराला डब्यातून टक् टक् आवाज येऊ लागला. सरांनी शाळेतली लाकडी पट्टी घेतली, एक टोक हार्डडिस्कला टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि डॉक्टरसारखं ऐकत राहिले. "ही जाणार," म्हणाले. इतके दिवस भाजून निघाली होती ती. आबांच्या गाण्याचे सगळे तुकडे तिच्यावर होते. ते सीडीवर उतरवून घ्यायचं काम सरांनी सुरू केलं, पण ते मध्येच बंद पडे. मग ती डिस्क काढून गार होऊ द्यायची आणि परत लावायची. एकामागून एक तुकडे वाचता येईनासे झाले. शेवटी एकच हाती लागला, सर्वांत लांबचा. त्याचा शेवटही तोच. पाळणा झाडाला, बाळ पाळण्यात, आई दिसेनाशी झालेली. नवीन डिस्क बसवून सरांनी तो तिच्यावर ठेवला आणि खोलीला कडी घातली. त्यानंतर कितीतरी दिवस अंगणात कुणाला खाकरायला लावलं नाही. काकूंच्या बांगड्या दिवसभर वाजत, आणि काकूंनाच ते बरं वाटत नसे. "काय तरी करा की वं," त्या म्हणत, "निदान कोंबड्या तरी हाकला."

थंडी सरत आली तेव्हा एका रविवारी मोटरसायकल अंगणात उभी राहिली. मागे आबा होते. गळ्याला पांढरं फडकं बांधलेलं, श्वास त्या फडक्यातून यायचा, त्याचा बारीक आवाज व्हायचा. थोरला म्हणाला, "लई दिवस मागं लागल्यात. काय घातलंय ते ऐकवा म्हनत्यात." म्हणत्यात म्हणजे खुणा करतात. सर काही क्षण दारातच उभे राहिले. मग बाजूला झाले.

आबा आपल्या जागी बसले. सवयीने घोंगडी काढून डब्याकडे वळले. सरांनी ती त्यांच्या हातातून अलगद घेतली आणि त्यांच्याच खांद्यावर ठेवली. "राहू द्या आबा. तुम्हालाच गार लागेल." मग त्यांनी रेकॉर्डिंग लावलं.

आबांचा आवाज खोलीत आला. भरलेला, रुंद, आजाराच्या आधीचा वाटावा असा. आबा मान खाली घालून ऐकत होते. थोरला जमिनीकडे बघत होता. काकू दारात आल्या, आणि कुणी सांगितलं नव्हतं तरी त्यांनी मनगटांवर पदर घट्ट गुंडाळून घेतला. ओवी पुढे सरकत गेली. पाळणा बांधला. बाळ निजलं. आई निघाली. आणि एका अर्ध्या शब्दावर आवाज तुटला.

सरांनी बंद करायला हात पुढे केला. आबांनी तळहात वर केला. थांबा.

त्यांनी दुसरा हात कानावर ठेवला, डोळे मिटले आणि ओठ हलवायला सुरुवात केली. आवाज नव्हता. फडक्यातून श्वास आत-बाहेर होत होता आणि बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती. आम्हाला वाटलं, ते आपल्यापुरतं गातायत. पण ओळीच्या शेवटी त्यांनी डोळे उघडून थोरल्याकडे बघितलं. थोरला गोंधळला. आबांनी तीच ओळ पुन्हा ओठांनी म्हटली आणि पुन्हा बघितलं. ते झील मागत होते.

 थोरल्याने अगदी खालून, चाचरत ते शेवटचे शब्द उचलले. "...पानी न्हाई रानात."

आबांनी मान डोलावली आणि पुढची ओळ घेतली. सरांचा हात माऊसवर होता. त्यांनी रेकॉर्डिंग कधी सुरू केलं ते मला दिसलं नाही, पण स्क्रीनवर रेघ धावू लागली होती. थोरला वडिलांच्या ओठांवरची नजर काढत नव्हता. कुठे त्याला शब्द ओळखू येत नसे, तेव्हा आबा थांबून तीच ओळ पुन्हा म्हणत, आणि सर हाताची घडी घालून बसलेले असत. एकेक ओळ सरकत होती. त्यातली आबांची बाजू कुणालाच ऐकू येत नव्हती. ऐकू येत होतं ते फक्त उत्तर. मेंढरं पांगली. कुत्रं भुंकलं. झाडाखाली कुणी आलं. काकूंनी तोंडाला पदर लावला होता. बाहेर हमरस्त्यावर ट्रक जात होते, पंखा घुं घुं करत होता, आणि सरांनी कुणालाही गप्प केलं नाही.

यंत्र एकदाही अडकलं नाही. शेवटच्या ओळीला आबांनी दोन्ही हात पुढे केले, लेकरू उचलून घ्यावं तसे. थोरला रडत होता. रडतरडतच त्याने झील दिली. "...बाळ घरी आलं."

आता सर नाहीत, आबाही नाहीत. वस्तीवरच्या देवळात जागराला सरांनी उतरवून दिलेली सीडी लावतात, असं ऐकते. पण मला आठवतो तो त्यानंतरचा एक रविवार. थोरला एकटाच आला होता. तो म्हणाला, "सर, त्या शेवटच्या भागात मदी मदी जागा मोकळी हाय. मला आता समदं पाठ झालंय. तिथं मी म्हनू का? पुरं तरी हुईल."

सर म्हणाले, "ती जागा मोकळी नाही. तिथं आबा गातायत."

मग त्यांनी हेडफोन थोरल्याच्या कानाला लावला आणि आवाज वाढवला. थोरला ऐकत राहिला. एक श्वास आत जाई, फडक्यातून बाहेर येई, बोटं गुडघ्यावर पडत, आणि मग त्याचा स्वतःचाच आवाज उत्तर देई. तो पार शेवटपर्यंत ऐकत बसला होता, आणि एकेका ओळीला, आवाज न करता, त्याचे ओठ आबांबरोबर हलत होते.